खिमा-चीजचा पाय वर भाजतोय खरं खाली ओलाच! काय चुकालंय?

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे अकरा माणसं जेवायला. नणंद पुण्याहून येतेय, तिची दोन पोरं बरोबर. पोरांनी फोनवर आधीच सांगून सोडलंय, "मामी, या वेळी तांबडा-पांढरा नको, तो मीट पाय कर, वर चीजवाला." मी हो म्हणून बसले.

काल रंगीत तालीम केली. 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम बटर, मीठ, पाणी. आत नेहमीचा मटणाचा खिमा, म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण, आपली चटणी (म्हणजे मसाल्याचं तिखट), थोडा अंगरस. वर चीज किसून, मग मैद्याची पोळी झाकून कडा दाबल्या. 28 लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, 180 वर 35 मिनिटं ठेवला. वरून सोन्यासारखा. कापला तर खाली लापशी! चीजचं तेल सुटून कडेनं वाहत होतं ते वेगळंच. मामंजींनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "छप्पर बरं झालंय, पाया खचलाय." घरात दिवसभर हाच विनोद चाललाय.

हातात दोन आठवडे आहेत. कुणी नीट केलाय का?

निपाणीचा_गडी
मी 'पाय' वाचून धागा उघडला. म्हटलं गटारीला पायाचं सूप, झणझणीत काहीतरी असणार. हे तर मैद्याचं निघालं. आता आलोच आहे तर बसतो.

अनगोळकर
पायाचं सूप नाही, गणितातला पाय पण नाही. बस गप.

पुण्याची_पाहुणी
शीर्षकातलं 'खरं' कळलं नाही. वर भाजतोय हे खरं आहे, की खाली ओला आहे हे खरं आहे?

अनगोळकर
दोन्ही खरंच आहे ओ ताई. आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. "येतो म्हणाला खरं आला नाही." चार दिवस बेळगावात राहिलात की तुमच्याही तोंडात बसेल.

कॅम्पातला_भट्टीवाला
वैनी, मी कॅम्पात एका बेकरीत एकतीस वर्षं भट्टीवर होतो. आता गुडघे बोलतात म्हणून घरी. तुमच्या हातून तीन गोष्टी झाल्यात, त्यातली कुठलीही एक झाली असती तरी बूड ओलंच राहिलं असतं.

पहिली: खिमा गरम घातलात ना? लिहिलं नाहीत, खरं माझी खात्री आहे. बटर पस्तीस अंशाच्या आसपास पातळ होतं. गरम खिमा पडला की खालच्या पोळीतलं बटर भट्टीत जायच्या आधीच वितळून मैद्यात मुरतं. मग पापुद्रा कुठला, खुसखुशीतपणा कुठला. खिमा पूर्ण गार पाहिजे, आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलेला असला तर उत्तम.

दुसरी: अंगरस. आपण बेळगाव-कोल्हापूरकडची माणसं, मटणात बोट बुडेल एवढा रस नसेल तर जीव घाबरतो. पायात रस म्हणजे विष. खिमा कढईत असताना काविलथ्यानं, म्हणजे उलथण्यानं बाजूला सारा. मागं पाणी धावत आलं तर अजून परता. नुसती चकाकी राहिली पाहिजे.

तिसरी: ओटीजीत बुडाला आच मिळत नाही. वरचा रॉड लवकर रंग देतो, आपण समजतो झालं. साधा लोखंडी तवा ओटीजीत खालच्या खणात ठेवा, 200 वर वीस मिनिटं तापू द्या आणि पायाचा डबा थेट त्या तव्यावर ठेवा. तव्यानं भाकरी भाजते, पायाचं बूड का नाही भाजणार?

डबा कसला होता? काचेचा असेल तर तापलेल्या तव्यावर ठेवू नका, तडकेल. ॲल्युमिनियमचा केकचा डबा घ्या.

शहापूरची_सून
काका, खिमा गरमच होता. वाफ येत होती. आणि डबा काचेचाच, बोरोसिलचा. आत दिसतं म्हणून मुद्दाम घेतला होता, आणि बघितलं फक्त वरूनच.

मेलबर्नचा_चिकोडीकर
इथं हे पाय म्हणजे आपल्या वडापावासारखे. पेट्रोल पंपावर मिळतात, फुटबॉलच्या मॅचला हातात धरून खातात, वर टोमॅटो सॉस. इथला नियमच आहे की मीट पाय म्हणून विकायचा तर त्यात निदान 25 टक्के मांस असलं पाहिजे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, मग उरलेलं 75 टक्के काय असतं? मित्र म्हणाला, विचारू नकोस, खा.

मुद्द्याचं सांगतो. त्यांच्या आतलं सारण पातळसर असतं, तरी बूड ओलं होत नाही, कारण ग्रेव्ही पिठानं घट्ट करून गार करतात. गार झाल्यावर ती सुरीनं कापता येते. भट्टीत परत सैल होते, तोवर बूड भाजून निघालेलं असतं. म्हणजे रस अगदीच नको असं नाही, बांधलेला पाहिजे. अर्धा किलो खिम्याला एक मोठा चमचा मैदा कांद्याबरोबर परतून घाला.

वडगावची_आक्का
मैदा कशाला? भाजलेलं डाळ्याचं पीठ घाल एक चमचा. खिम्याचे वडे करताना घालतो तसं. चवीला पण बरं.

आणि पोरी, तू ह्या पोळीला एवढं भिऊ नको. करंजी येते ना? तीच गोष्ट. मैद्यात मोहन चोळल्यावर मूठ वळून बघतो, मुटका झाला पाहिजे आणि बोटानं दाबला की फुटला पाहिजे. इथं पण तेच बघायचं. फरक एवढाच की करंजीला मोहन कडकडीत घालतो, इथं बटर दगडासारखं गार. बोटाच्या टोकांनी चोळ, तळव्यानं नको, तळवा गरम असतो. पाणी बर्फाचं, चमच्या-चमच्यानं. तिंबू नकोस चपातीसारखं! तिंबलं की चिवट होतं आणि भाजताना आकसतं. नुसतं गोळा करून ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये टाक.

वरच्या पोळीला मी साटा लावते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून. तीन पोळ्या एकावर एक, मध्ये साटा, गुंडाळी करून परत लाटायचं. पापुद्रे सुटतात. खालच्या पोळीला साटा नको, तिथं नुसतं खुसखुशीत पाहिजे, भार पेलायचा असतो तिला.

एक विचारते. मटणावर चीज म्हणजे दुधाचंच की. आमची सासू मटण जेवल्यावर ताक सुद्धा पिऊ देत नव्हती, कोड फुटतं म्हणायची. तुझ्या घरी चालतंय काय?

हिंडलग्याची_डॉक्टरीण
आक्का, कोड दूध-मटणानं होत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की होतो, जेवणाचा संबंध नाही. आणि आपण मटणाला दही लावतोच की, पांढऱ्या रश्शात काही घरी दूध पण घालतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांचं पोट बिघडेल, पण ते नुसत्या चहानंही बिघडतं.

वडगावची_आक्का
बरं झालं सांगितलंस. चाळीस वर्षं ताक नाही प्यायले मी मटणावर. हिशोब कुणाकडं मागू आता?

गोवावेसकर
आमची आई म्हापशाची. तिकडं ख्रिस्ती घरांत नाताळला, लग्नाकार्याला छोट्या वाटीएवढे पाय करतात, एम्पादिन्हा म्हणतात. पोर्तुगीजांकडून आलेले. आत डुकराचं मांस बारीक चिरून, व्हिनेगर, मिरे, लवंग, दालचिनी. आकारानं लहान त्यामुळं बूड पटकन भाजतं. अकरा माणसं आहेत तर एक मोठा करण्यापेक्षा मफिनच्या साच्यात बारा-चौदा लहान का करत नाही? कापायची भानगड नाही, सांडालवंड नाही.

शहापूरची_सून
कल्पना झकास. खरं पोरांना 'कापायचा' पाहिजे. चित्रात बघितलाय, वर जाळी विणलेली, सुरी घातली की चीजची तार. दोन मोठे करीन. चीजचं कुणी सांगा की. मी चौकोनी ब्लॉक आणला होता, तरी तेल सुटलं.

कॅम्पातला_भट्टीवाला
तेल चीजचं कमी, खिम्याचं जास्त असणार. खाटीक खिम्यात चरबी टाकतोच, वजन भरतं ना. रविवारी रांगेत घाई न करता सांगा, "मांडीचं दे, चरबी काढ, मशीनमधून एकदाच काढ." दोनदा काढला की भाजल्यावर पेस्ट होतो. पाट्यासमोर उभं राहून कापून घेतला तर अजून चांगलं. आमचा खाटीक माझ्याशी मराठीत बोलतो, पोराला उर्दूत ओरडतो, दुकानाचा बोर्ड कन्नडमध्ये आणि वजनावरून भांडण झालं तर तिन्ही भाषेत.

चीजचं असं. प्रोसेस्ड चीजमध्ये क्षार घातलेले असतात, त्यामुळं ते फाटत नाही, तेल-पाणी वेगळं होत नाही, नुसतं मऊ होतं. तार मात्र येत नाही. तार मोझरेल्लाची, खरं त्याला पाणी सुटतं. जुनं मुरलेलं चेडार चवीला राजा, जास्त तापलं की तूप सोडतं. मी दोन भाग प्रोसेस्ड, एक भाग मोझरेल्ला घेतला असता. मोझरेल्ला किसून कापडावर पसरून ठेवायचं, टिपून घ्यायचं. आणि चीज वर नको, पोटात घाला. अर्धा खिमा, चीज, परत खिमा. वरच्या पोळीला चीज चिकटलं की तिची वाफ अडते.

मिठाचं बघा. बटर खारट, चीज खारट. खिम्यात नेहमीच्या निम्मं मीठ.

संकेश्वरचा_पावणा
चटणी कसली घालता? संकेश्वरी मिरचीची घातली तर चीजला भारी पडेल. ब्याडगी रंगाला चांगली, तिखट बेताची. मी तर दोन्ही मिसळून घेतो.

निपाणीचा_गडी
संकेश्वरकर प्रत्येक धाग्यावर मिरची घेऊन हजर. परवा पंचर काढायच्या धाग्यावर पण होता.

बेळगावी_अभिमानी
सगळे 'बेळगाव' लिहितायत. 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, माहिती असावी.

चालक
तो वाद दुसऱ्या धाग्यावर, 412 प्रतिसाद आहेत, तिथं जावा. इथं पायाचं बोला.

मेलबर्नचा_चिकोडीकर
मैद्याचा त्रास वाटत असेल तर इंग्रजांचा शेफर्ड्स पाय करा. खाली मटणाचा खिमा, वर कुस्करलेला बटाटा, चीज, वरून भाजायचं. बुडाला पोळीच नाही, ओलं होणार काय? शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, म्हणून मेंढीचं मटण. आपल्याकडं बटाटा चांगला, रताळी तर मुंबईच्या बाजारात बेळगावची म्हणून ओरडून विकतात. रताळ्याचा थर देऊन मी इथं केलाय, तिखट खिम्यावर गोडसर लागतो.

शहापूरची_सून
हा पुढच्या खेपेला नक्की. आता ईर्षा पडलीय, पोळीचाच करणार.

आज दुसरी तालीम. 9 इंची ॲल्युमिनियमचा डबा, 300 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम बटर. खिमा काल रात्रीच करून ठेवला होता, डाळ्याचं पीठ घालून. तवा तापवला. खालच्या पोळीला टोचे मारले, वर बटर पेपर ठेवून राजमा भरला आणि पंधरा मिनिटं नुसती भाजली. राजमा काढून आणखी सहा मिनिटं. मग भरलं, झाकलं, आत सरकवलं आणि बाराव्या मिनिटाला लाईट गेली. बाहेर असला पाऊस की समोरची गल्ली दिसेना. सव्वा तासानं आली. तोवर वरची पोळी घामाघूम. परत भाजला, रंग आला, खरं छप्पर कडक ढोकळ्यासारखं. गंमत म्हणजे या वेळी बूड एकदम फक्कड! वाजवलं तर टणटण. मामंजी म्हणाले, "आता पाया भक्कम, छप्पर गळालंय. कंत्राटदार बदल."

कॅम्पातला_भट्टीवाला
बूड जमलं म्हणजे वैनी सगळं जमलं. लाईट गेली तर दार उघडू नका, आतली ऊब अर्धा तास तरी राहते. त्याहून जास्त वेळ गेली तर बाहेर काढून झाकण न घालता ठेवा, म्हणजे वाफ तिथंच पोळीवर बसणार नाही. आणि छपराला भोक ठेवलं होतं का? मधे रुपयाएवढं भोक पाहिजे, नाहीतर आतली वाफ पोळीतूनच बाहेर पडणार. जाळी विणणार असाल तर प्रश्नच मिटला.

खानापूरकरीण
भात्यातला आणखी एक बाण. खालच्या पोळीवर खिमा घालायच्या आधी मूठभर भाजलेला रवा किंवा टोस्टचा चुरा पसरायचा. जो काही रस सुटेल तो पिऊन घेतो. मी खानापूरच्या मातीच्या पसरट भांड्यात करते. माती हळू तापते, मात्र तापली की उतरत नाही. गार भांडं गार ओटीजीत ठेवून मग चालू करायचं, नाहीतर चीर पडते.

शाकाहारी माणसं असतील तर सध्या आमच्याकडं जंगलातली अळंबी बाजारात येतेय. ओळखीच्या बाईकडूनच घ्या, अनोळखी अळंबीच्या वाटेला जाऊ नका. तिला खिम्यापेक्षा जास्त पाणी सुटतं, कोरडी होईस्तोवर परता.

शहापूरची_सून
शेजारच्या वैनी लिंगायत आहेत, त्यांच्या घरी ताट पाठवायचंच असतं. लहान वाटीत अळंबीचा करते. वेगळा डबा, वेगळा चाकू, आणि मटणाच्या आधी भाजून काढणार. त्या विचारणार नाहीत, आपण पाळायचं.

पुण्याची_पाहुणी
अंडं न लावता वरून रंग कसा येईल?

वडगावची_आक्का
दुधात चिमूटभर साखर विरघळवून ब्रशनं लाव. मटणाच्या पायाला मात्र पिवळं बलकच लाव, त्याची सर दुधाला नाही.

अथणीचा_नवखा
ओटीजी नसेल तर? कुकरात होईल काय? खोलीवर राहतो, गॅस एकच.

कॅम्पातला_भट्टीवाला
कुकरात बूड होईल, वरून रंग येणार नाही. जाड बुडाच्या कढईत वाळू घालून, वर जाळी, झाकण, मंद गॅस. वरची पोळी वेगळी तव्यावर शेकून शेवटी ठेवायची. कामचलाऊ.

वडगावची_आक्का
आमची आई नानखटाई करायची तेव्हा पातेल्याच्या खाली पण निखारे, वर परातीत पण निखारे. तिला कुठला ओटीजी. नव्या पोरांना निखारे कुठून आणायला सांगू.

शहापूरची_सून
मंडळी, झालं! रविवार पार पडला.

शनिवारी रात्री सव्वा किलो खिमा परतून गार केला, दोन्ही पोळ्यांची कणीक फ्रीजमध्ये. सकाळी बूड आधी भाजून घेतली. टोस्टचा चुरा, खिमा, चीज, खिमा. एकावर जाळी विणली, दुसऱ्यावर आक्कांची साट्याची पोळी. 200 वर वीस मिनिटं, मग 180 वर अर्धा तास, एकामागून एक. काढल्यावर वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. पोरं सुरी घेऊन उभीच होती. कापला, तार आली, तुकडा बुडासकट अखंड उचलला गेला. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

ताटात वाढलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला, ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "रस्सा कुठाय?"

मला माहीतच होतं. हाडं-नळ्या वेगळ्या आणून पांढरा रस्सा करून ठेवलाच होता. वाट्या आल्या आणि सगळ्या घरानं पाय रश्शात बुडवून खाल्ला. पुण्याच्या पोरांनी सुद्धा. काका, दोन आठवडे ज्या बुडाला पाणी लागू नये म्हणून मी रात्रीचा दिवस केला, ते बूड शेवटी रश्शातच गेलं.

कॅम्पातला_भट्टीवाला
जाऊ दे की. बुडवल्यावर विरघळलं नाही ना? मग भाजणी पक्की.

निपाणीचा_गडी
म्हणजे शेवटी पायाचं सूपच झालं म्हणायचं. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो.

गोवावेसकर
शेजारच्या वैनींचं ताट परत आलं का?

शहापूरची_सून
आलं की, रिकामं कसं येईल? गोकाकचा करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची मिठाई घालून आलं.

एक राहिलं. मामंजी काल संध्याकाळी चहाला बसले तेव्हा हळूच म्हणाले, "ते साट्याचं छप्पर होतं ना, तेवढंच नुसतं करता येतंय काय? खिमा नको, चीज नको. चहात बुडवायला." आक्का, नुसती पोळी तशीच भाजली तर होईल काय?

कॅम्पातला_भट्टीवाला
वैनी, त्याला खारी म्हणतात. मामंजींना सांगा, कॅम्पात रोज सकाळी सहाला ताजी मिळते.